रिक्षाचे हँडल एका बाजूला का ओढते?

जालना जिल्ह्यातील मंठा हे तालुक्याचे गाव. गावाला रेल्वे नाही. रेल्वे गाठायची तर परतूर स्थानक किंवा थेट जालना गाठावे लागते. लोणार, जिंतूर, परतूर अशा चहूबाजूंच्या गावांशी संबंध येतो तो रस्त्यानेच. एसटी बस जिथे थांबत नाही किंवा वेळेवर मिळत नाही, तिथे तीन चाकांची रिक्षा उपयोगी पडते. दवाखान्यात जाणारा रुग्ण, बाजाराला निघालेली शेतकरी बाई, शाळा-महाविद्यालयातील मुले, खताची गोणी या साऱ्यांचा भार तिच्यावर असतो. जालन्याची ‘एमएच २१’ ही पाटी लावलेली अशी रिक्षा अनेकदा एका अख्ख्या कुटुंबाच्या उत्पन्नाचे एकमेव साधन असते.

मराठवाड्यातील बरेचसे रस्ते काळ्या मातीवरून जातात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. त्यामुळे वरचा डांबरी थर खचतो, लाटांसारखा होतो आणि कडेला तुटतो. अशा रस्त्यावर रोज धावणाऱ्या रिक्षाची एक तक्रार ठरलेली असते : हँडल एका बाजूला ओढते. सरळ रस्त्यावरही चालकाला ते किंचित दाबून धरावे लागते. टायर एका बाजूने झिजू लागतो आणि मग पुढच्या चाकाची ‘अलाइनमेंट’ बिघडली, असे निदान करून हँडलची दुरुस्ती सुरू होते. हे निदान पुष्कळदा अपुरे असते. तीन चाकांच्या गाडीत पुढचे चाक एकटे कधीच बिघडत नाही, असे नव्हे. परंतु त्याच्या नावावर खपवला जाणारा दोष बऱ्याच वेळा मागच्या दोन चाकांमध्ये दडलेला असतो. तो शोधण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. दोरी, ओळंबा, मोजपट्टी आणि खडू एवढे साहित्य पुरते.

चारचाकीचे शास्त्र, तीनचाकीचे गणित

मोटारगाडीच्या अलाइनमेंटमध्ये तीन कोन महत्त्वाचे मानले जातात. वरून पाहिले असता पुढची दोन चाके एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर किती वळलेली आहेत, तो पहिला कोन. त्याला ‘टो’ म्हणतात. समोरून पाहिले असता चाक उभे आहे की झुकलेले, तो ‘कॅम्बर’. बाजूने पाहिले असता ज्या अक्षाभोवती चाक वळते तो अक्ष किती तिरपा आहे, तो ‘कॅस्टर’.

रिक्षाला पुढे एकच चाक असते. जोडीदारच नसल्याने त्याला ‘टो’ नसतो. चालक हँडल जिकडे फिरवेल तिकडे ते पाहते. म्हणजे मोटारीच्या बाबतीत ज्या मापाला सर्वाधिक महत्त्व दिले जाते, ते माप रिक्षाच्या पुढच्या चाकाला लागूच पडत नाही. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेल्या वाहनांचे मात्र तसे नाही. २००६ मध्ये बाजारात आलेली पियाजिओची ‘एमपी ३’ किंवा २००७ मधील ‘कॅन-ॲम स्पायडर’ ही अशी वाहने. स्पायडरसारख्या वाहनात पुढच्या दोन चाकांचा ‘टो’ मोटारीप्रमाणेच जुळवावा लागतो आणि परदेशातील अनेक हौशी मालक तो घरच्या घरी जुळवतात. आपल्याकडील रिक्षात ही जोडी मागे असते. तेव्हा ‘टो’ शोधायचा तो मागे.

पुढच्या चाकाबाबत पाहण्याजोग्या गोष्टी दोनच उरतात. एक, ते सरळ उभे आहे का? झुकलेले चाक ज्या बाजूला झुकते त्याच बाजूला गाडीला ओढते. दोन, त्याचा वळण्याचा अक्ष योग्य कोनात आहे का? दवाखान्यातील स्ट्रेचरची छोटी चाके ढकलल्याबरोबर आपोआप सरळ मागे येतात, हे सर्वांनी पाहिले असेल. वळण्याचा अक्ष जमिनीला जिथे भिडतो, त्याच्या मागे चाक टेकलेले असते, म्हणून ते अक्षाच्या मागोमाग खेचले जाते. रिक्षाचे हँडल वळणानंतर आपसूक सरळ होते तेही याच तत्त्वाने. खड्ड्यात आदळून हँडलचा दांडा वाकला, तर हे अंतर बदलते आणि गाडी भिरभिरू लागते किंवा हँडल जड होते.

स्कूटरच्या घराण्यातील वाहन

आपल्या रिक्षाची घडण समजण्यासाठी तिचे कुळ पाहिले पाहिजे. इटलीतील पियाजिओ कंपनीने १९४६ मध्ये ‘व्हेस्पा’ स्कूटर आणली आणि १९४८ मध्ये त्याच घडणीवर तीनचाकी ‘ॲपे’ तयार केली. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि ॲपे म्हणजे मधमाशी. बजाज उद्योगसमूहाला १९५९ मध्ये दुचाकी व तीनचाकी वाहने बनविण्याचा सरकारी परवाना मिळाला आणि पियाजिओच्या सहकार्याने हे तंत्र पुण्यात आले. पुढे १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूज येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ सुरू झाला. ‘ॲपे’ रिक्षा बारामतीत बनू लागली. तीन चाकांच्या मालवाहू गाडीचा दुसरा प्रवाह जर्मनीतून आला. हॅम्बुर्गच्या कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी स्थापन झाली. तिच्या ‘टेम्पो’ या नावाने मराठीला एक सामान्यनामच दिले.

स्कूटरच्या घराण्याची खूण म्हणजे पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले असणे. हँडलचा दांडा खाली येऊन चाकाच्या एका बाजूने वळतो आणि एका छोट्या आर्मवर चाक बसते. पंक्चर काढताना हे सोयीचे असले, तरी आर्मची पिन किंवा बुश झिजल्यास चाक एका अंगाला कलते. मागील दोन्ही चाके स्वतंत्र आर्मवर असतात. हे आर्म रबरी बुशांवर वरखाली होतात. अलीकडे गावोगाव दिसणाऱ्या साध्या बॅटरीच्या ई-रिक्षांची रचना मात्र वेगळी आहे. त्यांच्या पुढे मोटारसायकलसारखे दोन पायांचे फोर्क असतात, तर मागे एकसंध ॲक्सल पाट्यांवर यू-बोल्टने आवळलेला असतो. रचना वेगळी असली, तरी मोजण्याची रीत एकच आहे.

तीन रेघांची साक्ष

पहिली तपासणी रस्त्यावरच होते. सपाट जागेवर पाणी शिंपडावे किंवा बारीक धूळ असलेली जागा निवडावी आणि रिक्षा सावकाश सरळ चालवावी. मागे तीन चाकांच्या तीन रेघा उमटतात. पुढच्या चाकाची रेघ मागच्या दोन रेघांच्या बरोबर मधोमध असायला हवी. ती एका बाजूला सरकलेली दिसली, तर रिक्षा तिरकी चालत आहे, असे समजावे.

हे तिरकेपण कसे येते? समजा, मागची दोन्ही चाके एकमेकांना समांतर आहेत, पण दोन्ही चेसीसच्या मध्यरेषेपासून १ अंशाने डावीकडे वळली आहेत. गाडीला ढकलणारी चाके तीच असल्याने गाडी त्यांच्या दिशेने जाते. रस्त्यावर सरळ राहण्यासाठी पुढचे चाकही तेवढेच डावीकडे धरावे लागते. साहजिकच गाडी सरळ धावत असताना हँडल वाकडे दिसते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर सुमारे २ मीटर धरले, तर एवढ्याशा कोनानेही पुढची रेघ मध्यापासून सुमारे ३५ मिलिमीटर बाजूला पडते. चालकाला वाकडे हँडल दिसते, मागचे चाक दिसत नाही. मग हँडल ढिले करून ‘सरळ’ बसवले जाते. दिसणारे लक्षण नाहीसे होते, मूळ दोष जागच्या जागी राहतो.

दुसरा प्रकार अधिक खर्चिक आहे. मागची चाके एकमेकांना समांतर नसतील, म्हणजे दोन्ही आत किंवा दोन्ही बाहेर वळलेली असतील, तर हँडल सरळ दिसते, रेघाही मधोमध पडतात. पण प्रत्येक टायर फिरता फिरता बाजूला फरफटत असतो. प्रत्येक चाक १ अंशाने आत वळले असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे १७ मीटर आडवे घासले जाते. दिवसाला १०० किलोमीटर धावणाऱ्या रिक्षाचा टायर अशा रीतीने रोज १.७ किलोमीटर आडवा घासतो. नवा टायर काही महिन्यांतच का गुळगुळीत झाला, याचे उत्तर इथे मिळते. इंधनही यात वाया जाते.

मोजण्याआधी

मोजमापाला हात घालण्यापूर्वी साध्या कारणांचा निकाल लावावा. तिन्ही टायरमधील हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे भरावी. मागच्या एका चाकात हवा कमी असेल, तर गाडी त्या बाजूला ओढते. थोडे अंतर चालवून झाल्यावर मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. एकच ड्रम तापला असेल, तर ब्रेक चिकटत आहे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता असतो. त्यामुळे कोणतीही गाडी किंचित डावीकडे जाते. तो दोष नव्हे. सपाट मोकळ्या जागी गाडी दोन्ही दिशांनी चालवून खात्री करावी.

त्यानंतर पुढच्या भागातील ढिलाई पाहावी. मागच्या चाकांना दगडाची ओट लावून, चेसीसखाली जॅक देऊन पुढचे चाक उचलावे. जॅकबरोबर भक्कम लाकडी ठोकळाही द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवावे. मध्यावर ते अडखळत असेल, तर बॉल रेसरला खड्डे पडले आहेत. चाक खालून धरून पुढे-मागे हलवल्यावर ‘खट्’ असा आवाज आला, तर रेसर ढिले आहेत. चाक वर-खाली धरून आडवे हलवावे. हालचाल जाणवली तर बेअरिंग किंवा आर्मची पिन झिजली आहे. ढिलाई असलेल्या गाडीचे माप घेण्यात अर्थ नाही, कारण ते दर वेळी वेगळे येते. आधी झिजलेला भाग बदलावा.

ओळंबा आणि खडू

तीन चाकांची गाडी म्हणजे जमिनीवर आखलेला एक त्रिकोण आहे. गवंडी भिंत उभारताना जे करतो, तेच इथे करायचे आहे. सिमेंटची सपाट जागा निवडावी. गाडी रिकामी, चारही बाजूंनी मोकळी आणि स्वतःच्या चाकांवर उभी असावी. ती जागेवर आणताना दोन-तीन मीटर पुढे ढकलत आणावी, म्हणजे आर्म आपल्या नेहमीच्या जागी बसतात. हँडल सरळ करून बांधून ठेवावे.

प्रथम मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यबिंदूपासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा कराव्यात. पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना ओळंबा सोडून त्या दोन खुणांच्या मधोमध तिसरी खूण करावी. आता पुढच्या खुणेपासून डाव्या आणि उजव्या मागच्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी यायला हवीत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्या हाताचाही असू शकतो. म्हणून तीनदा मोजावे. फरक त्याहून मोठा आणि दर वेळी त्याच बाजूला येत असेल, तर एक मागचे चाक पुढे-मागे सरकले आहे किंवा पुढचे चाक बाजूला गेले आहे.

यांपैकी कोणते, हे ठरवण्यासाठी चेसीसची साक्ष घ्यावी. मागचे आर्म ज्या बोल्टांवर बसतात ती डावी-उजवी जोडी कारखान्यातच ठरलेली असते. त्या दोन बोल्टांपासून आणि चेसीसच्या पुढच्या भागातील अशाच एखाद्या डाव्या-उजव्या जोडीपासून ओळंबे सोडावेत. दोन्ही जोड्यांचे मध्य जोडणारी रेघ आखावी. ही गाडीची खरी मध्यरेषा. पुढच्या चाकाची खूण या रेघेवर पडत नसेल, तर दोष पुढे. पडत असेल, तर मागे. पुढच्या चाकाचा झुकावही याच वेळी पाहता येतो. चाकाजवळ ओळंबा धरून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून त्याचे अंतर मोजले, की चाक उभे आहे की कलले आहे हे कळते.

दोन दोऱ्या

शेवटची तपासणी मागच्या चाकांच्या दिशेची. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर, उदाहरणार्थ ७५० मिलिमीटरवर, दोन दोऱ्या ताणून बांधाव्यात. त्यांची उंची चाकाच्या मध्याएवढी असावी आणि त्या टायरला स्पर्श करता कामा नयेत. दोरीपासून टायरच्या पुढच्या कडेचे आणि मागच्या कडेचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी असतील, तर चाक सरळ आहे. टायरचा व्यास ४०० मिलिमीटरच्या आसपास असेल, तर ७ मिलिमीटरचा फरक म्हणजे १ अंश. मग गाडी ढकलून चाक अर्धा फेरा फिरवावे आणि पुन्हा मोजावे. फरकाची बाजू उलटली, तर दोष अलाइनमेंटचा नसून रिम वाकलेली आहे. कोणत्या मॉडेलला किती फरक चालतो, हा आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतून किंवा अधिकृत कार्यशाळेतून घ्यावा.

काय करावे, काय टाळावे

स्वतंत्र आर्मच्या रिक्षात चाक वळलेले आढळले, तर पहिला संशय रबरी बुशावर घ्यावा. नवे बुश बसवताना त्याचा मुख्य बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना शेवटपर्यंत आवळू नये. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना तो पूर्ण आवळावा. अन्यथा रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. ई-रिक्षात यू-बोल्ट सैल होऊन ॲक्सल सरकला आहे का, हे पाहावे. असेल तर ॲक्सल जागेवर आणून चारही नट थोडेथोडे, आलटूनपालटून आवळावेत. हँडलचे रेसर बेताने आवळावेत. जादा आवळल्यास हँडल अडकते आणि गाडी सतत डुलते.

वाकलेला आर्म किंवा हँडलचा दांडा तापवून, हातोडीने ठोकून सरळ करण्याची पद्धत मात्र घातक आहे. तापवलेल्या पोलादाची ताकद बदलते आणि ठोकलेल्या जागी बारीक तडे जाऊ शकतात. असा भाग भरलेल्या गाडीखाली अचानक तुटला, तर पुढचे एकमेव चाकच निकामी होते. येथे काटकसर करू नये. भाग बदलावा. चेसीस वाकली असेल, तर काम घरचे नाही. ते कार्यशाळेकडेच द्यावे.

प्रश्न केवळ टायरचा नाही

पुढे एक चाक असलेल्या वाहनाचा तोल नाजूक असतो. पुढच्या चाकापासून मागच्या प्रत्येक चाकापर्यंत काढलेली रेघ ही त्याची कलंडण्याची मर्यादा. गाडीचे वजन त्या दोन रेघांच्या आत असेल तोवर ती उभी राहते. त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. त्यामुळे वळणावर ब्रेक दाबला, की वजन पुढे सरकते आणि नेमक्या अरुंद भागात येते. चालकाच्या शेजारी आणखी दोघे बसले असतील, तर ही मर्यादा आधीच जवळ आलेली असते. त्यात हँडल एका बाजूला ओढणारे असेल, तर समोरून ट्रक आल्यावर चालकाला वाहन वळवण्याबरोबरच त्या ओढीशीही झगडावे लागते. गर्दीच्या रिक्षात त्याचे कोपर हलायलाही जागा नसते.

मोटारींसाठी असलेली अलाइनमेंट यंत्रे चार चाकांच्या हिशेबाने बनवलेली असतात. तीनचाकी गाडी त्यांच्या चौकटीत सहज बसत नाही आणि तालुक्याच्या गावी अधिकृत कार्यशाळा गाठायची तर चालकाचा एक दिवसाचा धंदा बुडतो. म्हणून तो दुखणे अंगावर काढतो. प्रत्यक्षात दोरी-ओळंब्याची ही तपासणी सकाळच्या पहिल्या फेरीपूर्वी दोन माणसे मिळून करू शकतात. एकाने दोरी धरावी, दुसऱ्याने मोजावे आणि आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. प्रत्येक पावसाळ्यानंतर, मोठ्या खड्ड्यात आदळल्यावर आणि नवे टायर घालण्यापूर्वी ती पुन्हा करावी. गॅरेजमध्ये ‘हँडल ओढते’ एवढेच सांगण्याऐवजी ‘मागचे डावे चाक पुढच्या कडेला ६ मिलिमीटर आत आहे’ असे सांगता आले, तर मिस्त्री हँडलला हात लावण्याआधी त्या चाकाचे बुश पाहील आणि न झिजलेल्या भागाचे पैसे चालकाला मोजावे लागणार नाहीत.